जुन्या गाडीची थरथर: जन्माची कोणती, मागून लागलेली कोणती?



या पानावर आपण पीक, पाणी, खत, फवारणी याचंच लिहितो. आज जरा लोखंडाचं लिहितो. कारण सोनारी ते परंडा रस्त्यावर सकाळी सहाला उभं राहून बघा, शेतीचं निम्मं काम अजून जुन्या मोटारसायकलीच ओढतात. दुधाच्या किटल्या, कडब्याची पेंढी, फवारणीचा पंप, खताचं पोतं, मागं एक माणूस. यातल्या बऱ्याच गाड्या वीस-तीस वर्षांच्या, काही त्याच्याही पुढच्या. आणि सगळ्यांची एकच तक्रार: "गाडी लई थरथरती."

थरथर म्हणजे नुसता त्रास नाही. तिनं नट ढिले होतात, बल्बची तार तुटते, मडगार्डला तडा जातो, टाकीचा जोड उकलून पेट्रोल पाझरतं. हाताला मुंग्या येतात. आणि एखाद्या दिवशी इंजिन धरून ठेवणारा बोल्टच गेला, तर मागं किटल्या आणि पुढं ट्रॅक्टर असताना काय होईल ते सांगायला नको. तरी लोक दोनच गोष्टी करतात. एक तर "जुनी गाडी अशीच असते" म्हणून सोडून देतात, नाही तर पहिल्याच दिवशी इंजिन फोडून हजारो रुपये घालतात. दोन्ही घाईचं काम आहे.

थरथर दोन प्रकारची असते. एक जन्माची, म्हणजे त्या इंजिनाच्या घडणीतच असलेली. दुसरी मागून लागलेली. पहिली कोणताच मिस्त्री काढू शकत नाही, दुसरी ठेवणं धोक्याचं. दोन्ही वेगळ्या करायच्या तर हे इंजिन आपल्यापर्यंत कसं आलं, ते आधी बघावं लागतं.

बार्शी लाईटपासून सुरुवात

आपल्या परंडा तालुक्याला रेल्वे म्हणजे बार्शी, नाही तर कुर्डुवाडी. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. एव्हरार्ड काल्थ्रोप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची लाईन १८९७ मध्ये चालू केली. १९११ ला ती लातूरला पोचली, १९२७ ला मिरजेला. हलके रूळ, म्हणून प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचं नाही, हा त्याचा नियम होता.

आता रेल्वेचा आणि मोटारसायकलचा काय संबंध? संबंध असा की पिस्टनच्या थरथरीचं कोडं पहिल्यांदा आगगाडीच्या इंजिनानंच लोकांपुढं टाकलं. वाफेच्या इंजिनाचा पिस्टन पुढं-मागं होतो आणि दांड्याच्या जोरावर चाक फिरवतो. फिरणाऱ्या वस्तूचा तोल साधणं सोपं. समोरच्या बाजूला तेवढंच वजन लावलं की झालं. पण पुढं-मागं होणाऱ्या वस्तूचा तोल फिरत्या वजनानं पूर्ण साधता येत नाही. चाकाला जादा वजन लावलं तर पुढं-मागं बसणारा हिसका कमी होतो, पण तेच वजन वर-खाली जाताना रुळावर हातोड्यासारखं आपटतं. इंग्रजीत त्याला 'हॅमर ब्लो' म्हणतात. मग इंजिनिअरांनी मधला मार्ग काढला. फिरणाऱ्या भागाचा तोल पूर्ण साधायचा, पुढं-मागं होणाऱ्या भागाचा काही हिस्साच साधायचा, बाकीचा हिसका सोसायचा. १९०२ मध्ये डॅल्बी नावाच्या प्राध्यापकानं इंजिनांच्या तोलावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हा सगळा हिशोब आहे.

तुमच्या-आमच्या एका सिलिंडरच्या गाडीत आजही तोच सौदा आहे. फरक एवढाच की आगगाडीत सिलिंडर आडवा आणि जुन्या गाडीत उभा.

विहिरीवरचं इंजिन

मराठवाड्यात गावोगाव माणसाला इंजिन कळलं ते मोटारसायकलवर नाही, विहिरीवर. साताऱ्याचं कूपर, पुण्याचं किर्लोस्कर (किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ ची), आणि राजकोटकडची लिस्टर पद्धतीची इंजिनं. मूळ लिस्टर इंग्लंडमधल्या डर्स्ली गावचं, मिनिटाला ६५० फेऱ्यांचं. दोन बाजूला मोठाली चाकं, आणि टुक-टुक आवाज शिवारभर.

हे इंजिन बसवताना म्हातारी माणसं सगळ्यात जास्त लक्ष कशावर द्यायची? ओट्यावर. खड्डा खोल खणायचा, सिमेंट-खडीचा ओटा भरायचा, त्यात फाउंडेशन बोल्ट सरळ उभे करायचे, आणि ओटा चांगला पिकल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. कारण माहीत होतं: इंजिन हलणारच. ओटा घट्ट असला तर हिसका जमिनीत जातो. एक बोल्ट ढिला झाला की इंजिन ओट्यावर नाचायला लागतं आणि आठ दिवसांत ओटाच फोडतं. मग पट्टा उडतो, पाइप तडकतो, आणि माणूस म्हणतो इंजिन खराब आहे. इंजिन तेच असतं. धरणारा हात सुटलेला असतो.

गॅरेजवाले मोटारसायकलच्या इंजिनाच्या बोल्टांनाही 'फाउंडेशन बोल्ट'च म्हणतात. हा शब्द विहिरीवरून गॅरेजात आला असावा असं मला वाटतं, आणि तो अगदी बरोबर आहे. फक्त इथं ओटा म्हणजे चेसी. तीच हलकी, आणि तिच्यावरच आपण बसलेलो.

बुलेटचा हिशोब क्विंटलमध्ये

इंग्लंडच्या रेडिच गावातली रॉयल एन्फिल्ड कंपनी. तिची ३५० बुलेट आपल्या सैन्यासाठी घेतली गेली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. सिलिंडरचा व्यास ७० एमएम, पिस्टनची चाल ९० एमएम, म्हणजे ३४६ सीसी. बीडाचं हे इंजिन इंग्लंडमध्ये बंद पडलं तरी आपल्याकडं दशकानुदशकं निघत राहिलं.

आता हिशोब करू. पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक मिळून समजा अर्धा किलो. मिनिटाला ४००० फेऱ्या म्हणजे पिस्टन सेकंदाला ६७ वेळा वर जाऊन खाली येतो. प्रत्येक टोकाला तो थांबतो आणि उलटा फिरतो. त्याला तसं उलटं फिरवायला लागणारा जोर साधारण ४०० किलो निघतो, म्हणजे चार क्विंटल. तेही कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणाचा भाग सोडून. अर्ध्या किलोच्या वस्तूसाठी चार क्विंटलचा हिसका, सेकंदाला ६७ वेळा वर आणि ६७ वेळा खाली.

फेऱ्या निम्म्या केल्या तर हिसका निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. २००० फेऱ्यांना तो एकच क्विंटल. म्हणून जुनी बुलेट पन्नासच्या आत झुलत चालते आणि सत्तरच्या पुढं दात वाजवते. गाडी म्हातारी झाली म्हणून नाही. नवी होती तेव्हाही ती असंच करायची.

क्रँकच्या चकत्यांवर क्रँक पिनच्या उलट बाजूला जादा वजन ठेवलेलं असतं. ते शंभर टक्के ठेवलं तर वर-खाली हिसका जाईल, पण तेवढाच पुढं-मागं येईल. अजिबात ठेवलं नाही तर सगळा वर-खाली. म्हणून बहुतेक कारखाने पन्नास ते सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवतात. म्हणजे एका सिलिंडरच्या साध्या इंजिनात थरथर संपत नाही, ती फक्त दिशा बदलते. हीच जन्माची थरथर.

डिझेल बुलेटही आपल्यातल्या काहींनी चालवली असेल. ३२५ सीसीचं छोटं डिझेल इंजिन, ॲव्हरेज भरपूर, दाब जास्त, म्हणून हादरेही जास्त. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी या कारागिरानं १९९४ मध्ये बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि कुळवाची दांडी बसवली आणि 'बुलेट सांती' केली. दुष्काळात बैल सांभाळणं परवडेना, तेव्हा लोकांनी तिच्यानं कोळपणी केली.

राजदूत, जावा आणि मग सीडी हंड्रेड

साठच्या दशकात दोन टू-स्ट्रोक गाड्या आल्या. म्हैसूरच्या आयडियल जावानं १९६१ ला जावा काढायला सुरुवात केली, तीच १९७३ पासून येझदी. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांना एक. त्यामुळं टू-स्ट्रोकचा ओढ जरा सारखा. पण सायलेन्सर काजळीनं भरला किंवा कार्बोरेटर जास्त पेट्रोल द्यायला लागला की स्फोट मध्येच चुकतो आणि गाडी हिसके देते. म्हणून तर जुने मिस्त्री राजदूतचा सायलेन्सर काढून आगटीत भाजायचे. हिसका इंजिनाचा वाटायचा, रोग सायलेन्सरचा असायचा.

१९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली आणि गावाकडची कल्पनाच बदलली. व्यास ५० एमएम, चाल ४९.५ एमएम, ९७ सीसी. पिस्टनचं वजन समजा दीडशे ग्रॅम धरलं तर ४००० फेऱ्यांना हिसका साधारण ६५ किलो येतो. कुठं चार क्विंटल आणि कुठं ६५ किलो! सिलिंडरही जवळजवळ आडवा झोपवलेला. ज्यांनी आधी बुलेट चालवली त्यांना ही गाडी चालू आहे का बंद, तेच कळत नव्हतं.

तेव्हापासून एक गैरसमज मात्र रुजला: न थरथरणारी गाडी चांगली, थरथरणारी वाईट. जुन्या गाडीला नव्या गाडीच्या मापानं मोजायला लागलो आणि जन्माच्या थरथरीवर पैसे घालायला लागलो.

बाहेरच्या जगानं काय केलं

इंग्लंडच्या लँचेस्टरनं १९०० च्या सुमाराला मोटारीत एकमेकांच्या उलट फिरणारे दोन क्रँकशाफ्ट घातले, एकाचा हिसका दुसऱ्यानं मारायचा म्हणून. पुढं मोटारसायकलवाल्यांनी दोन सिलिंडर घेतले. पण १९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनसारख्या गाड्यांत दोन्ही पिस्टन बरोबरच वर-खाली होत होते, त्यामुळं स्फोट सारखे पडले तरी हिसका तसाच राहिला. १९६७ मध्ये नॉर्टननं कमांडो गाडीत वेगळा विचार केला. हिसका मरत नसेल तर इंजिनच रबरावर बसवा, माणसापर्यंत तो पोचू देऊ नका.

जपान्यांनी उलट फिरणारं वजन, म्हणजे बॅलन्सर, रोजच्या वापरात आणलं. यामाहाच्या १९७३ च्या टीएक्स ७५० मध्ये तो होता. आपल्याकडं रॉयल एन्फिल्डच्या २०१६ च्या हिमालयनमध्ये बॅलन्सर आला आणि २०२० च्या मिटीअर ३५० मध्येही. आज नवी ३५० शांत चालते ती बोल्ट जास्त घट्ट आहेत म्हणून नाही, आत एक जादा दांडा उलटा फिरतो म्हणून. जुन्या गाडीत तो नाही आणि बसवताही येत नाही. हे एकदा मान्य केलं की निम्मा खर्च वाचतो.

हाताचं काय

१९१८ साली अमेरिकेत डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियानातल्या बेडफर्ड गावी चुनखडीचा दगड कोरणाऱ्या कामगारांचे हात तपासले. हवेवर चालणाऱ्या हातोड्यांनी काम करणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडायची, बधिर व्हायची. कारण होतं थरथर, थंडी आणि हत्यार घट्ट धरणं. तिन्ही एकत्र.

पौष महिन्यात पहाटे किटल्या घेऊन निघालेल्या माणसाकडं या तिन्ही गोष्टी असतात. मोटारसायकल दगड फोडायच्या हातोड्याइतकी वाईट नाही, हे खरं. तरी गाडीवरून उतरल्यावर बराच वेळ बोटं बधिर राहात असतील, किंवा थंडीत पांढरी पडत असतील, तर ते अंगावर काढू नका, डॉक्टरला दाखवा. हातमोजे घाला, मूठ सैल ठेवा, आणि गाडीची थरथर तपासून घ्या.

तपास कसा करायचा

आता गावातलीच एक गाडी घेऊ. दूध घालणाऱ्या एकाची, जुनी, उभ्या सिलिंडरची, इंची नटबोल्टांची. पावसाळ्यात इंजिन खाली उतरवून बोअर केलं, नवा पिस्टन टाकला. दिवाळीपर्यंत थरथर एवढी वाढली की आरशात मागचं काही दिसेना. (सोनारीत आरसा शाबूत असणं हीच मोठी गोष्ट, देवळाजवळ गाडी लावली की माकडं आधी आरसाच पिरगाळतात.) एकानं सांगितलं, "क्रँक आऊट झालाय, फोडावा लागतोय." दुसरा म्हणाला, "पिस्टन जड पडला." तिसरा म्हणाला, "इक आन् नवी घे." क्रँकचा खर्च ऐकून माणूस गाडी भंगारात घालायला निघाला होता. दुधाचा रतीब त्याच गाडीवर, म्हणजे महिन्याची चूलही तिच्यावरच.

पहिला प्रश्न: कधीपासून? हळूहळू वाढत गेली तर झीज समजायची. अमुक कामानंतर एकदम आली तर त्या कामातच शोधायचं. इथं ती इंजिन उतरवल्यानंतर आली होती.

दुसरा प्रश्न: थरथर कोणाबरोबर चालते, इंजिनाबरोबर का चाकाबरोबर? मोकळ्या सरळ रस्त्यावर एकाच स्पीडला तिसरा गिअर आणि चौथा गिअर, दोन्हीत बघायचं. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर ती इंजिनाची. तशीच राहिली तर चाक, टायर, चेन. मग क्लच दाबून गाडी नुसती पळू द्यायची. थरथर गेली तर इंजिनाकडं बोट. आणखी एक खूण आहे. साठच्या स्पीडला चाक सेकंदाला आठ-एक फेऱ्या मारतं, म्हणून चाकाचा दोष धडधड करतो, जवळजवळ मोजता येतो. इंजिन ३००० फेऱ्यांना सेकंदाला ५० वेळा हलतं, म्हणून त्याचा दोष झिणझिण करतो. चेनमध्ये एखादी कडी जाम असेल तर ठरावीक अंतरानं ओढ लागते, चाकाच्या फेरीपेक्षाही सावकाश. या गाडीची थरथर झिणझिणीची होती आणि क्लच दाबला की जात होती.

तिसरं: फुकटचं आधी. प्लगचा रंग, पॉइंटची फट, टायमिंग, टॅपेट, एअर फिल्टर. टायमिंग फार पुढं गेलं असेल तर पिस्टन वर येतानाच त्याच्यावर मार बसतो. ते सगळं ठीक निघालं.

चौथं: पिस्टनचं वजन. सुदैवानं जुना पिस्टन डब्यात ठेवलेला होता. जुन्या गाड्यांत ओव्हरसाईज पिस्टन इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात: वीस, चाळीस, साठ. साईज वाढली की वजनही थोडं वाढू शकतं, आणि दुसऱ्या बनावटीचा पिस्टन आला तर फरक जास्तही पडतो. तीस ग्रॅम फरक पडला तर ४००० फेऱ्यांना सुमारे २४ किलोचा जादा हिसका. म्हणून दोन्ही पिस्टन पिन-रिंगांसकट सोन्याच्या दुकानातल्या काट्यावर घातले. फरक चार ग्रॅम. म्हणजे हा आरोपी सुटला. पुढं ज्याला कोणाला बोअर करायचं असेल त्यानं हे वजन बसवायच्या आधी करावं, पाच मिनिटांचं काम आहे.

पाचवं: फाउंडेशन. या पद्धतीच्या जुन्या चेसीला इंजिनाच्या खालून नळी जात नाही. पुढची नळी वरून येऊन इंजिनापाशी संपते, मागून चेसी पुन्हा सुरू होते, आणि मधला दुवा म्हणजे खुद्द इंजिन आणि त्याच्या दोन बाजूच्या पट्ट्या. म्हणजे ते बोल्ट नुसतं इंजिन धरत नाहीत, चेसी पुरी करतात. एक जरी सैल पडला तर इंजिनाचा हिसका चेसीच्या जोडांवर येतो.

सगळे बोल्ट हाताला घट्टच लागले. पण मागच्या पट्टीवरच्या एका बोल्टाभोवती तांबूस-तपकिरी बारीक पूड दिसली. तेल न लागता लोखंडावर लोखंड घासलं की अशी पूड पडते. जिथं ती दिसते तिथं दोन भाग हलतात, पाना काहीही सांगो. बोल्ट काढला. दोन्ही बाजूला दोन-दोन वायसर. कॅलिपर लावला: भोक साडेनऊ एमएम आणि जरासं लांबट झालेलं, बोल्ट आठ एमएमचा. दीड एमएम मोकळीक, वायसरनं झाकलेली.

दीड एमएमचा इतिहास

हा दीड एमएम कुठून आला? इंग्लंडमधून. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थनं बोल्टाच्या आट्यांना पहिल्यांदा एक माप लावलं, इंचात. इंग्रजी गाड्यांचे बोल्ट इंची, म्हणून मद्रासला निघालेल्या जुन्या गाड्यांचेही इंचीच. आपल्या देशानं १९५६ ला वजनमापाचा कायदा करून मेट्रिक पद्धत घेतली, १९५७ ला नवे पैसे आले, शेर-मण जाऊन किलो आले. पण गाड्यांच्या जुन्या नकाशांतले इंच राहिले. पुढं जपानी गाड्या पूर्ण मेट्रिक आल्या आणि गॅरेजातल्या पेटीतून इंची पाने हळूहळू गायब झाले.

तीन-अष्टमांश इंच म्हणजे ९.५ एमएम. दुकानात मिळतो आठचा नाही तर दहाचा. दहाचा आत जात नाही, आठचा सहज जातो. घाईत कुणीतरी आठचा घातला, हलतोय म्हणून वायसर वाढवले, आवळला, आणि झालं. आवळला तेव्हा घट्टच होता. पण एवढा हिसका बारीक बोल्टाच्या नुसत्या दाबावर थांबत नाही. थोडा सरकला, भोक लांबट झालं, अजून सरकला.

लेथवाल्याकडून भोक सरळ करून त्याच्या मापाचा चांगल्या पोलादाचा बोल्ट करून घेतला. बाकीचे सगळे बोल्ट काढून मोजले, हेडवरची आधाराची पट्टी आवळली. आणि पट्टी खोलल्यावरच दिसलं की शेजारच्या चेसीच्या जोडाला नखाएवढा तडा होता. तो वेल्डिंग करून घेतला. क्रँक फोडला असता तर खर्च झाला असता, इंजिन परत त्याच बोल्टावर बसलं असतं, आणि तडा वाढत राहिला असता.

आता ती गाडी पन्नास-पंचावन्नला आरशात मागचा माणूस ओळखू येईल एवढी शांत चालते. सत्तरच्या पुढं अजूनही थरथरते. ती जन्माची. तिला तसंच राहू द्यायचं आणि सत्तरच्या पुढं जायचं नाही. एखाद्या ठरावीक स्पीडलाच आरसा किंवा नंबरप्लेट झणझणते आणि पुढं गेल्यावर थांबते, तेही रोगाचं लक्षण नाही. झोक्याला बरोबर वेळेला धक्का बसला की तो उंच जातो, तसं त्या भागाचं होतं.

क्रँक खरंच आऊट असतो तेव्हा कसं कळतं? बिग एंडची पिन नुकतीच बदललेली असेल, चकत्या दाबून परत जोडताना एका रेषेत आल्या नसतील, आणि स्टँडवर मोकळ्या गाडीतही सगळ्या स्पीडला थरथर येत असेल, तर. तेव्हा चांगल्या लेथवाल्याकडं डायल लावून बघायचं. पण ती शेवटची पायरी, पहिली नाही.

शेवटी दोन कामं सांगतो. गाडीच्या कागदांच्या पिशवीत एक वही ठेवा. बोअर कधी केलं, पिस्टन कोणत्या साईजचा, वजन किती, कोणता बोल्ट बदलला, सगळं तारखेनं लिहा. पिकाचं लिहितो तसंच. आणि घरात आजोबाच्या वेळचा इंची पान्यांचा सेट पडून असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. या शिवारात अजून बरीच इंची गाडी चालू आहे.